लिनक्स सर्व्हर अनेक, लॉगिन एक: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी सांगली-सातारा भागातून लिनक्स सर्व्हरवरच्या लॉगिनबद्दल इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. काही प्रश्न लांबलचक होते, ते थोडे छाटून घेतलेत.

प्रश्न (कुपवाड एमआयडीसी): नमस्कार सर. आमची फाउंड्री आहे. ईआरपी, ड्रॉइंगचा फाइल सर्व्हर, बॅकअप, टेस्टिंग असे मिळून १४ लिनक्स सर्व्हर आहेत, निम्मे उबुंटू आणि निम्मे रॉकी (दोन्ही लिनक्सचेच प्रकार). प्रत्येकावर युजर वेगवेगळे बनवलेत. मध्ये एक इंजिनिअर नोकरी सोडून पुण्याला गेला, त्याचं अकाउंट कुठं कुठं आहे हे शोधत बसलो आणि अजूनही सगळीकडनं काढलंय याची खात्री नाही. आमचे साहेब म्हणतात एवढा घोळ कशाला, सगळ्यांना रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरचा, एकच पासवर्ड द्या आणि कोण गेलं की तो बदला. सेंट्रल लॉगिन करायचं तर एलडॅप घ्यावं का फ्रीआयपीए?

उत्तर: आधी साहेबांच्या सूचनेबद्दल, कारण ती बऱ्याच ठिकाणी चालू आहे आणि नुकसान तिथंच होतं. सगळे रूट म्हणून आत शिरले की लॉगमध्ये फक्त रूट दिसतो, रात्री अकरा वाजता डेटाबेसची फाइल कुणी उडवली हे कुणालाच सांगता येत नाही आणि मग संशय सगळ्यांवर जातो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढले त्यात कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असं आहे, पण ज्या लॉगमध्ये माणूसच कळत नाही तो १८० दिवस ठेवून करायचं काय? त्यामुळं पहिलं काम सॉफ्टवेअरचं नाहीच, प्रत्येक माणसाचं स्वतःचं एक अकाउंट पाहिजे आणि त्या अकाउंटला त्याच्या कामापुरतं सुडो, म्हणजे रूटच्या अधिकारानं ठरावीक कमांड चालवायची मुभा. एवढं मान्य असेल तरच पुढं वाचा, नाहीतर कितीही भारी सिस्टीम बसवली तरी लोक आत गेल्या गेल्या रूटच होणार.

आता एलडॅप का फ्रीआयपीए. कुणी लॉगिन करायला आलं की लिनक्स दोन गोष्टी बघतं, हा युजर कोण आहे म्हणजे त्याचा नंबर, ग्रुप, होम फोल्डर, शेल काय, आणि हा खरंच तोच आहे का. पहिलं काम एनएसएस करतं, दुसरं पॅम. साध्या सर्व्हरवर ही उत्तरं ईटीसी फोल्डरातल्या पासडब्ल्यूडी आणि शॅडो या फाइलींतनं येतात, सेंट्रल केलं की तीच उत्तरं नेटवर्कवरनं आणायची असतात आणि हल्ली ते काम एसएसएसडी नावाची सर्व्हिस दोन्हीकडं करते.

एलडॅप ही मुळात डिरेक्टरीला, म्हणजे युजरच्या मध्यवर्ती यादीला, माहिती विचारायची पद्धत, १९९३ च्या सुमारास मिशिगन युनिव्हर्सिटीत तयार झालेली. युजर कोण आहे हे सांगायला ती उत्तम, पासवर्डसुद्धा तपासून देते. पण नुसतं ओपनएलडॅप हे तिचं सॉफ्टवेअर घेतलं तर स्कीमा (यादीत कुठले रकाने), टीएलएसचं म्हणजे एन्क्रिप्शनचं सर्टिफिकेट, सुडोचे नियम, पासवर्ड पॉलिसी, दुसऱ्या सर्व्हरवर कॉपी हे सगळं तुम्हालाच हातानं जुळवायला लागतं. करणारे करतात आणि चांगलं चालवतात, पण तो माणूस सोडून गेला की मागच्यांना काही उमगत नाही. ओळख पटवण्याचं काम कर्बेरॉस जास्त चांगलं करतं, ते एमआयटीच्या अथेना प्रोजेक्टमधनं आलं. मिरज-कोल्हापूर रोज येजा करणारा एकदाच खिडकीवर पास काढतो आणि मग महिनाभर फक्त पास दाखवतो, तसं कर्बेरॉसमध्ये पासवर्ड एकदाच द्यायचा, तिकीट मिळतं, पुढच्या सर्व्हरला तिकीट दाखवायचं, पासवर्ड नेटवर्कवरनं फिरतच नाही.

फ्रीआयपीए म्हणजे हे सगळं एकत्र बांधून दिलेलं: ३८९ डिरेक्टरी सर्व्हर, एमआयटी कर्बेरॉस, सर्टिफिकेटसाठी डॉगटॅग, पाहिजे असेल तर डीएनएस (मशीनच्या नावावरनं पत्ता सांगणारी सेवा), आणि वर ब्राउझरमधलं एक पान जिथनं युजर बनवता येतो. तुमच्या १४ सर्व्हरना मी डोळे झाकून हेच सांगेन. फ्रीआयपीएचा (पुढं नुसतं आयपीए) मुख्य सर्व्हर रॉकीवर किंवा तशाच अल्मावर टाका, ४ जीबी रॅम दिलीत तर निवांत चालतो, आणि त्या मशीनवर दुसरं काहीही टाकू नका, ईआरपी तर अजिबातच नाही. उबुंटूवाले सर्व्हर क्लायंट म्हणून व्यवस्थित जोडले जातात.

इन्स्टॉल करायला बसायच्या आधी एक शीट बनवा आणि यात घाई करू नका, अर्धं यश इथंच आहे. १४ सर्व्हरवरच्या पासडब्ल्यूडी फाइली गोळा करायच्या, एका रकान्यात माणूस, पुढं प्रत्येक सर्व्हरवरचं त्याचं नाव आणि यूआयडी (युजरचा नंबर). हमखास सापडेल की एकच यूआयडी १००३ एका सर्व्हरवर स्टोअरवाल्याचा आहे आणि दुसऱ्यावर डिझाइनवाल्याचा, एकाच माणसाची तीन स्पेलिंगं आहेत, आणि दोनचार अकाउंट अशी आहेत की कुणाची ते कुणालाच आठवत नाही. लिनक्स फाइलवर नाव लिहीत नाही, नंबर लिहितं. म्हणून सेंट्रल झाल्यावर माणसाचा नंबर बदलला की जुन्या फाइली त्याच्या राहात नाहीत, त्या त्या सर्व्हरवर फाइंड कमांडनं जुन्या यूआयडीच्या फाइली शोधून मालकी नवीन नंबरला द्यायला लागते. यात आणखी एक अडचण, युजर कुठं शोधायचा हे सांगणाऱ्या एनएसस्विच फाइलमध्ये क्रम सहसा आधी फाइल्स आणि मग एसएसएस (म्हणजे एसएसएसडी) असा असतो. म्हणजे त्याच नावाचा लोकल युजर शिल्लक राहिला तर सर्व्हर लोकल युजरच धरतो, सेंट्रलकडं जातच नाही. आयपीएमध्ये युजर बंद केला तरी तो आत येतोय कसा, असं जे लोक विचारतात त्यांच्याकडं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. सर्व्हर जोडला की फाइलींची मालकी बदलायची, मग लोकल युजर काढायचा, याच क्रमानं.

पण पोस्टग्रेस, टॉमकॅट, बॅकअपची स्क्रिप्ट चालवणारा युजर असले सर्व्हिसचे अकाउंट सेंट्रलमध्ये नेऊ नका, ते लोकलच राहू देत. नाहीतर बूट होताना नेटवर्क यायला उशीर झाला की डेटाबेस उठायचाच नाही. आणि प्रत्येक सर्व्हरवर रूटचा वेगळा, लांबलचक पासवर्ड ठेवून तो बंद पाकिटात ऑफिसच्या तिजोरीत ठेवा, फक्त कन्सोलवर बसून वापरायला.

नावाचं आधीच ठरवा. डोमेनला शेवटी डॉट लोकल लावायची सवय बऱ्याच जणांना आहे, ती सोडा, ते नाव एमडीएनएससाठी (लोकल नेटवर्कवर मशीन शोधायची पद्धत) राखीव आहे आणि पुढं डोकेदुखी होते. कंपनीचं जे खरं डोमेन आहे त्याच्याखाली एक सबडोमेन घ्या. कर्बेरॉसचा रेल्म, म्हणजे त्याच्या हद्दीचं नाव, त्यावरनंच मोठ्या अक्षरात बनतो आणि इन्स्टॉल झाल्यावर तो बदलता येत नाही, म्हणजे बदलायचा तर सगळं नव्यानं. होस्ट्स फाइलमध्ये सर्व्हरचं पूर्ण नाव आधी आणि छोटं नाव नंतर लिहा. घड्याळासाठी सगळीकडं वेळ जुळवणारं क्रोनी चालू पाहिजे, कारण दोन मशीनच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर कर्बेरॉस तिकीट नाकारतं. वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरवरनं घ्यायची असंही त्याच २०२२ च्या निर्देशात आहे, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

मग आयपीए सर्व्हर उभा करा, टेस्टिंगचा एकच सर्व्हर क्लायंट म्हणून जोडा, जोडताना होम फोल्डर आपोआप बनवायचा पर्याय द्या, आणि आठवडाभर आयटीतल्या दोघातिघांनीच तो वापरा. ईआरपीचा सर्व्हर सगळ्यात शेवटी. जोडताना प्रत्येक सर्व्हरवर रूटचं एक सेशन उघडंच ठेवायचं आणि दुसऱ्या खिडकीतनं नवीन लॉगिन करून बघायचं, ते जमलं की मगच पहिलं बंद करायचं.

आता एक गोष्ट जी बहुतेकांच्या नजरेतनं सुटते. फ्रीआयपीएमध्ये सुरुवातीला अलाउ-ऑल नावाचा नियम चालू असतो, म्हणजे कुठलाही युजर कुठल्याही सर्व्हरवर लॉगिन करू शकतो. आधी स्वतःसाठी, म्हणजे ॲडमिन ग्रुपला सगळ्या सर्व्हरवर परवानगी देणारा नियम बनवा, मग डिझाइनवाल्यांना ड्रॉइंग सर्व्हर, अकाउंटवाल्यांना ईआरपी असे नियम बनवा, एचबॅक-टेस्ट कमांडनं तपासा, आणि त्यानंतरच अलाउ-ऑल बंद करा. उलटं केलंत तर तुम्हीच बाहेर राहाल. सुडोचे नियमही तिथंच लिहायचे, मात्र एसएसएसडी ते साठवून ठेवतं त्यामुळं नियम बदलला की क्लायंटवर लगेच दिसत नाही, जरा दम धरायचा.

आणि तुमचा मूळ प्रश्न, माणूस सोडून गेला तर. आयपीएमध्ये त्याचा युजर डिसेबल करायचा, एका जागी, एका मिनिटात. पण तेवढ्यानं तीन गोष्टी राहतात. त्याचं आधीपासनं उघडं असलेलं सेशन चालूच राहतं, ते मारायला लागतं. हातात असलेलं कर्बेरॉस तिकीट संपेपर्यंत जिवंत असतं, फ्रीआयपीएत ते साधारण २४ तास. आणि सगळ्यात धोक्याचं, त्यानं स्वतःची एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणारी किल्लीची फाइल) रूटच्या किंवा एखाद्या कॉमन युजरच्या ऑथराइज्ड-कीज फाइलमध्ये टाकून ठेवली असेल तर त्या दारावर आयपीएचा काहीही ताबा नाही. तुमचा तो पुण्याला गेलेला इंजिनिअर, त्याची की आजच सगळ्या १४ सर्व्हरवर रूटच्या फाइलमध्ये शोधा. त्याच्या मनात काही नसेलही, पण त्याचा लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर? यापुढं लोकांच्या की आयपीएमध्येच, त्यांच्या युजरखाली ठेवा, सर्व्हर तिथनं वाचतात.

प्रश्न (मिरज): आमच्याकडं हॉस्पिटल आहे. सगळं एका सर्व्हरवर आणलं आणि तो रात्री बंद पडला तर कुणालाच लॉगिन होणार नाही, ही भीती डॉक्टर साहेबांना वाटते आणि मलाही वाटते. रात्रपाळीला आयटीचं कुणी नसतं.

उत्तर: भीती बरोबर आहे, आणि हॉस्पिटलमध्ये ती वाटलीच पाहिजे. दोन पातळ्यांवर सोय करायची.

पहिली एसएसएसडीची कॅश, म्हणजे त्या मशीनवरच साठवून ठेवलेली माहिती. आयपीए क्लायंट जोडताना ती सहसा चालूच असते. एखाद्या युजरनं त्या मशीनवर आधी पासवर्ड टाकून लॉगिन केलेलं असेल तर सेंट्रल सर्व्हर बंद असला तरी त्याला आत येता येतं. पण त्या मशीनवर आधी कधीच न आलेल्या युजरला येता येणार नाही, आणि नेहमी एसएसएच कीनंच येणाऱ्याचा पासवर्ड कॅशमध्ये नसतो, म्हणजे त्याचं सुडो अडेल. रात्रपाळीला जी माणसं असतात त्यांनी महत्त्वाच्या मशीनवर एकदा तरी पासवर्डनं लॉगिन करून ठेवावं.

दुसरी सोय म्हणजे रेप्लिका, आणि ती नसेल तर हॉस्पिटलनं या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. फ्रीआयपीएमध्ये रेप्लिका म्हणजे बरोबरीचा दुसरा सर्व्हर, दोन्हीकडं बदल करता येतात आणि ते एकमेकांना कळतात. रेप्लिका उभी करताना सर्टिफिकेट अथॉरिटीसुद्धा तिच्यावर टाका. नाही टाकली आणि पहिला सर्व्हर कायमचा गेला तर सर्टिफिकेट देणारं कुणीच उरत नाही. डीएनएस आयपीएकडं असेल तर तेही दोन्हीवर, आणि क्लायंटच्या सेटिंगमध्ये दोन्ही डीएनएस सर्व्हरचे पत्ते. माझ्या अनुभवात रेप्लिका असून लॉगिन अडतं ते बहुतेक वेळा एवढ्याचसाठी, की क्लायंटला डीएनएसचा एकच पत्ता दिलेला असतो.

आता रेप्लिका ठेवायची कुठं. एकाच फिजिकल मशीनवरचे दोन व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे रेप्लिका नाही, एकाच रॅकमध्ये एकाच यूपीएसवर असतील तरी नाही. आणि आपल्या भागाला आणखी एक विचार करायला लागतो. कृष्णेचं पाणी २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला परत आलं, सांगलीत कितीतरी तळमजले पाण्याखाली गेले. तुमची दुसरी शाखा किंवा ओळखीचं ऑफिस जे पुराच्या रेषेच्या बाहेर आहे, उंचावर आहे, तिथं एक रेप्लिका ठेवा आणि मध्ये व्हीपीएन. लॉगिनची रहदारी फार नसते, साध्या फायबर कनेक्शनवर आरामात चालतं. पुराच्या दिवसात तर हॉस्पिटलला सिस्टीमची सगळ्यात जास्त गरज असते.

बॅकअप आयपीएच्या स्वतःच्या बॅकअप कमांडनं घ्या. पूर्ण बॅकअपला ती कमांड सर्व्हिस थांबवते, त्यामुळं दुपारच्या ओपीडीत चालवू नका. व्हर्च्युअल मशीनचा जुना स्नॅपशॉट परत चढवायचा मोह होतो, पण रेप्लिका चालू असताना एकालाच मागच्या तारखेला नेलं तर दोघांचे हिशोब जुळत नाहीत. एक बिघडला तर चांगल्या असलेल्यावरनं नवीन रेप्लिका बनवणं हाच सरळ मार्ग. आणि हे सगळं झालं की एखाद्या रविवारी दुपारी मुद्दाम पहिल्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढा आणि वॉर्डातल्या मशीनवर लॉगिन करून बघा, डॉक्टर साहेबांना शेजारी उभं करून.

प्रश्न (सांगली, इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब): आमच्या लॅबमध्ये वर्षानुवर्षं एनआयएस हे सेंट्रल लॉगिन चालू आहे, होम फोल्डर एनएफएसवर (नेटवर्कवरनं फाइली वाटायची पद्धत) आहेत, ६० मशीन आहेत. चालतंय तर बदलायचं कशाला असं सगळे म्हणतात. तुमचं काय मत?

उत्तर: बदला. एनआयएस सन कंपनीनं १९८० च्या दशकात काढलं, तेव्हा त्याचं नाव यलो पेजेस होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीनं नाव बदललं पण कमांड आजही वायपी अक्षरांनीच सुरू होतात. ते बनलं तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्यांवर विश्वास ठेवता यायचा. त्यात काहीही एन्क्रिप्ट होत नाही, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये लॅबमधला कुठलाही विद्यार्थी एका कमांडनं सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) समोर आणू शकतो, प्राध्यापकांचेसुद्धा. मुलं हुशार असतात, प्रयोग करणारच, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. शिवाय रेड हॅटनं आपल्या लिनक्सच्या आवृत्ती ९ मधनं एनआयएस काढूनच टाकलंय, म्हणजे रॉकी आणि अल्मा ९ वरही ते मिळत नाही. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, तुमची जुनी मशीन बहुतेक त्यावरच असतील.

नेताना यूआयडी जसेच्या तसे न्या, फ्रीआयपीएत युजर बनवताना नंबर स्वतः देता येतो. एनएफएस नेहमीच्या पद्धतीत फक्त नंबरवर विश्वास ठेवतं, नंबर तेच राहिले तर ६० मशीनवर मालकी बदलत बसायला नको. नवीन वर्षाचे प्रवेश सुरू व्हायच्या आधीची सुट्टी यासाठी धरा. विद्यार्थ्यांचा ग्रुप वर्षानुसार बनवा, चौथं वर्ष बाहेर पडलं की त्या ग्रुपचा लॉगिनचा नियम एका झटक्यात बंद करता येतो, युजरना एक्स्पायरीची तारीख आधीच टाकून ठेवली तर तेवढंही करायला लागत नाही. लॅब स्थिरावली की एनएफएस कर्बेरॉसवर न्या, पण दोन्ही कामं एकाच सुट्टीत करू नका.

प्रश्न (कराड): आमच्याकडं विंडोजचं ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोजचं सेंट्रल लॉगिन) आधीपासनं आहे, लिनक्स सर्व्हर फक्त ५. फ्रीआयपीए वेगळं टाकावं का?

उत्तर: नको. माणसांची यादी एकाच जागी असावी यासाठीच हा खटाटोप, दुसरी यादी कशाला तयार करताय. रेल्म-जॉइन कमांडनं पाचही सर्व्हर सरळ ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडा, तिथंही खाली एसएसएसडीच असतं. यूआयडी ते विंडोजच्या एसआयडीवरनं (विंडोजमधल्या युजरच्या ओळख क्रमांकावरनं) गणित करून काढतं, त्यामुळं पाचही सर्व्हरवर नंबर सारखाच येतो, फक्त एका सर्व्हरवर एसएसएसडी आणि दुसऱ्यावर विनबाइंड (तेच काम करणारी दुसरी सर्व्हिस) असं करू नका, नंबर वेगळे येतील. जोडल्यावर रेल्म-परमिटनं ठरावीक ग्रुपलाच परवानगी द्या, नाहीतर डोमेनमधल्या सगळ्यांना लिनक्सवर लॉगिन करता येतं.

प्रश्न (सातारा शहर): आम्ही दोघं मित्र मिळून छोटी कंपनी चालवतो, ३ क्लाउड सर्व्हर आहेत. आम्हालाही हे लागेल का?

उत्तर: सध्या नाही. दोन माणसं आणि तीन सर्व्हरसाठी आयपीएचे दोन सर्व्हर सांभाळत बसणं म्हणजे कामापेक्षा सांभाळणं जास्त. दोघांचे वेगळे युजर, सगळीकडं यूआयडी सारखे, लॉगिन फक्त एसएसएच कीनं, एसएसएचमध्ये पासवर्ड आणि रूट लॉगिन दोन्ही बंद, आणि हे सगळं एका अँसिबल प्लेबुकमध्ये (सर्व्हरची सेटिंग आपोआप करणाऱ्या फाइलमध्ये) लिहून ठेवा म्हणजे चौथा सर्व्हर घेतला तरी तसाच होतो. माणसं सातआठ झाली किंवा कुणी येतंय-जातंय असं सुरू झालं की मग विचार करा.

प्रश्न (तासगाव): फ्रीआयपीए बसवलं, क्लायंट जोडला, आयडी कमांडला युजर दिसतो पण लॉगिन केलं की परवानगी नाही म्हणतं. दुसऱ्या एका सर्व्हरवर लॉगिन होतं पण अर्धा मिनिट लागतो. काय बघू?

उत्तर: युजर दिसतोय म्हणजे एनएसएसची बाजू ठीक आहे, अडचण ओळख पटवण्यात किंवा परवानगीत. त्या सर्व्हरवर बसून केइनिट कमांडनं त्या युजरचं तिकीट मागा. क्लॉक स्क्यू असं काही आलं तर घड्याळ बघा, क्रोनी चालू दिसतं पण सिंक झालेलं नसतं असं बऱ्याचदा होतं. पासवर्ड एक्स्पायर म्हणालं तरी घाबरू नका, ॲडमिननं दिलेला पासवर्ड पहिल्या लॉगिनला बदलायलाच लागतो. केइनिट व्यवस्थित झालं आणि तरी लॉगिन नाही, तर ते अलाउ-ऑल बंद केलेलं असणार आणि या युजरला या सर्व्हरचा नियम नसणार, एचबॅक-टेस्टमध्ये युजर, सर्व्हर आणि सर्व्हिस म्हणून एसएसएचडी देऊन बघा, कुठला नियम लागू होतोय ते दिसेल. सहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर फ्रीआयपीए दहा मिनिटं अकाउंट लॉक करतं, प्रयत्न करता करता तेही झालं असेल.

अर्धा मिनिट लागतो त्या सर्व्हरवर पहिला संशय डीएनएसचा. रिझॉल्व्ह फाइलमध्ये वर एखादा जुना, बंद पडलेला डीएनएसचा पत्ता असतो, सर्व्हर त्याची वाट बघतो, मग दुसऱ्याकडं जातो. तो काढा. तरीही उशीर लागला तर तुम्ही ज्या मशीनवरनं लॉगिन करताय तिच्या आयपी पत्त्यावरनं उलट तिचं नाव मिळतंय का बघा. त्यानंतरच एसएसएसडीच्या लॉगमध्ये शिरा, डीबग लेव्हल ६ करा, एकदा लॉगिनचा प्रयत्न करा आणि परत खाली आणा, नाहीतर डिस्क भरते.